दुखण्याला दहापैकी तीन

"हाडावर हाड घासतंय, मॅडम," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझ्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे शेजारी शेजारी होते. दोन हाडांच्या मध्ये जी मोकळी फट दिसायला हवी, ती डाव्या गुडघ्यात थोडीफार शिल्लक होती. उजव्यात नव्हतीच.

"याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. ग्रेड फोर."

ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची झीज. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते, ती वर्षानुवर्षं झिजत जाते. ग्रेड फोर म्हणजे चौथी पायरी, आणि पाचवी पायरी नसते. मी विचारलं, "म्हणजे चारपैकी चार का?" ते म्हणाले, "हो." मी म्हटलं, चला, कशात तरी पैकीच्या पैकी मिळाले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं की हे किती वर्षं चाललंय. मी सांगितलं, सहा-सात वर्षं.

"मग एवढी वर्षं काय केलंत?"

"अंगावर काढलं," मी म्हटलं. हे सांगताना माझा आवाज जरा अभिमानाचाच होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझी ओळख करून देते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी सहासष्ट वर्षांची आहे. पनवेलच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. दर जूनमध्ये एखादा नवा पालक विचारायचाच, "ज्यू असून तुम्ही मराठी शिकवता?" आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठीशिवाय दुसरं काही कुणाला धड बोलता आलं नाही, हे सांगून सांगून मी थकले. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. नवीन पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत, त्या मी गेल्या काही वर्षांत चांगल्याच मोजल्या होत्या.

मुलगी एकच, हॅना. ती इस्राएलला आश्दोदमध्ये असते. एक्स-रेबद्दल ऐकल्यावर ती फोनवर म्हणाली, "आता पुरे, आई. ऑपरेशन कर. मी तीन आठवडे सुट्टी घेऊन येते. पण त्यानंतरही तुला जिना चढता-उतरता आला नाही, तर फ्लॅट विकायचा आणि माझ्याकडे यायचं. कबूल?"

मी कबूल म्हणाले. म्हणाले खरी, पण मनातून मला जायचं नव्हतं. तिथे लेक आहे, जावई चांगला आहे, नात आहे, सगळं आहे. पण शुक्रवारी बाजारात जाऊन पापलेटाचे कल्ले उघडून बघणारी मी, तिथल्या सोफ्यावर बसून काय करणार होते? इथे रस्त्यात दर दहा पावलांवर कुणीतरी "बाई, ओळखलंत का?" म्हणून थांबवतं. मला माझ्या घरात राहायचं होतं. तेव्हा गुडघा वाकणं म्हणजे नुसतं गुडघा वाकणं नव्हतं, त्यावर माझं घर अडलं होतं.

ऑपरेशनच्या आधी तपासण्या झाल्या. रक्त, शुगर, ईसीजी, टूडी एको. टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. प्रत्येक तपासणीला टोकन आणि प्रत्येक टोकनाला तास-दीड तास. वेटिंग रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाकडे मला सांगायला एक तेल होतं. कुणी मोहरीचं, कुणी निरगुडीचं, कुणी कुठल्या तरी डोंगरातल्या वैद्याचं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. तेलानं गुडघे बरे झाले असते तर आमच्या घराण्यात कुणी कधी कण्हलंच नसतं.

हॅना आली, आणि मंगळवारी सकाळी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टोटल नी रिप्लेसमेंट, म्हणजे झिजलेली टोकं कापून तिथे धातूचा आणि प्लॅस्टिकचा सांधा बसवतात. कमरेखालची भूल होती. ठोकल्याचे आवाज ऐकू येत होते. शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असावं तसं वाटत होतं, आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी सिस्टर आल्या. त्यांच्या हातात एक पट्टी होती, शून्यापासून दहापर्यंत आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली एक चेहरा. शून्याला हसरा, दहाला रडका. याला पेन स्केल म्हणतात. आपलं दुखणं आपण आकड्यात सांगायचं.

"किती दुखतंय, दहापैकी?"

"शून्य," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मांडीतल्या नसेजवळ त्यांनी नर्व्ह ब्लॉक दिला होता. नर्व्ह ब्लॉक म्हणजे त्या एका नसेला काही तास बधिर करणारं इंजेक्शन. मला वाटलं, एवढंच होतं तर लोक उगाच बाऊ करतात.

बुधवारी सकाळी ब्लॉक उतरला. कसं दुखलं ते सांगते, कारण मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यात कुणीतरी तापलेला सांडसा धरलाय आणि तो हळूहळू आवळतंय, असं. श्वास अर्धाच घेता येत होता. सिस्टर पुन्हा पट्टी घेऊन आल्या.

आता माझी चूक ऐका. एकतीस वर्षं मी निबंध तपासले. बोर्डाच्या पेपरांना मॉडरेटर होते, म्हणजे इतरांनी दिलेले मार्क पुन्हा तपासायचे, आणि माझ्याकडे गठ्ठा आला की मार्क कमीच व्हायचे. निबंधाला दहापैकी सातच्या वर मी कधी गेले नाही. दहा? दहा म्हणजे यापुढे मराठीत कुणी काही लिहिण्याची गरजच उरली नाही. साडेसहा मिळाले की पोरं घरी जाऊन आईला सांगत. तर माझ्यासमोर दहापैकी मार्क द्यायचा कागद आला आणि हाताला जी सवय होती तीच कामाला आली. मी विचार केला, दहा म्हणजे पाय गाडीखाली चिरडलेला माणूस. आठ म्हणजे बाळंतपण. सात म्हणजे किडनी स्टोन, असं ऐकून होते. मग माझ्या या गुडघ्याला काय द्यायचं? ऑपरेशन झालं की दुखतंच, त्यात नवीन काय? कल्पनेला वाव नाही, मांडणी नेहमीची.

"तीन," मी म्हटलं.

सिस्टरनी तीन लिहिलं. दुपारी तीन. संध्याकाळी तीन. एकदा उदार होऊन साडेतीन दिले. राउंडला डॉक्टर म्हणाले, "व्वा, मॅडम, तुमची सहनशक्ती छान आहे," आणि मी वर्गात पहिला नंबर आल्यासारखं हॅनाकडे पाहिलं. या वॉर्डात आकडा चारच्या वर गेला की जास्त ताकदीची गोळी देतात, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि मी विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. पॅरासिटॅमॉल दिवसातून तीनदा, आणि वेगळ्या पाकिटात एक गोळी, त्यावर एसओएस लिहिलेलं. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. ते पाकीट मी कपाटात ठेवून दिलं. गरज पडणारी मी कोण?

घरी जायला बेचाळीस पायऱ्या होत्या. सोसायटीतल्या चार पुरुषांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. दोघे माझेच विद्यार्थी होते, पोट सुटलेले, केस पांढरे झालेले. "बाई, घट्ट धरा," म्हणत होते. पहिल्या मजल्यावर विसाव्याला खुर्ची टेकवली तेव्हा मला फार लाज वाटली. असं किती वेळा कुणी मला उचलून नेणार, हाच विचार मनात होता.

दिवसभरासाठी सुमनताई येऊ लागल्या. जवळच्या नेरे गावच्या आहेत. वय माझ्याहून दहा-बारा वर्षांनी कमी. सकाळी आठला यायच्या, सहाला जायच्या. बोलणं थोडं आणि बघणं फार, असं माणूस. एक दिवसाआड फिजिओथेरपिस्ट मॅडम यायच्या. त्यांच्याकडे गोनिओमीटर होता. गोनिओमीटर म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटलेले समजा. गुडघा किती अंशात वाकतो ते त्यावर मोजतात. पहिल्या दिवशी पन्नास. मग पंचावन्न. मग अठ्ठावन्न. आणि नंतर अठ्ठावन्नच.

"मॅडम, तुम्ही पाय आवळून धरताय. सैल सोडा."

मी म्हणायचे, सोडलाय. माझ्या मते मी सोडलाच होता. त्या दाबायच्या, मी उशीचा कोपरा तोंडात धरायचे, आणि झालं की म्हणायचे, "ठीक आहे. तीन." त्या तो आकडा घरच्या चार्टवर लिहायच्या. झोप दोन-तीन तासांच्या वर लागत नव्हती. जेवणावरची वासना गेली होती. व्यायामाची वेळ जवळ आली की हातापायाला कापरं भरायचं, आणि ते म्हातारपणाचं आहे असं मी स्वतःला समजावलं.

बाराव्या दिवशी दुपारी मला डुलकी लागली आहे असं समजून हॅना गॅलरीत फोनवर बोलत होती. "टू रूम किचन... हो, तिसरा मजला... नाही, लिफ्ट नाहीये, म्हणून तर." एजंट होता. मी डोळे मिटून पडून राहिले. मला तिचा राग आला नाही. स्वतःचा आला, कारण मी दिलेला शब्द आता माझ्याच अंगाशी येत होता.

चौदाव्या दिवशी टाके काढायला हॉस्पिटलमध्ये गेलो. पुन्हा खुर्ची, पुन्हा चार पुरुष. हॅना आणि सुमनताई दोघी बरोबर होत्या. जखम स्वच्छ होती, एक्स-रे उत्तम होता. मग डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दोन आठवड्यांत नव्वदच्या आसपास हवं होतं. हे साठही नाही. सहा आठवड्यांपर्यंत असंच राहिलं तर मॅनिप्युलेशन अंडर अनॅस्थेशिया करावं लागेल." म्हणजे पुन्हा भूल देऊन, आत जे चिकटलंय ते गुडघा जोरानं वाकवून सोडवायचं. "आणि तेही नाही जमलं तर पाय असाच ताठ राहील. जिना अवघड आहे मग."

हॅना माझ्याकडे पाहत नव्हती. डॉक्टरांनी घरचा चार्ट उलगडला. तीन, तीन, अडीच, तीन.

"दुखणं तर फारसं नाहीये. मग वाकत का नाही? तुम्ही प्रयत्न करताय ना, मॅडम?"

आयुष्यात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तो हजारो मुलांना विचारला होता.

तेव्हा दाराजवळ पिशवी धरून उभ्या असलेल्या सुमनताई बोलल्या. "डॉक्टर, मी बोलू का? बाई तुमाला तीन सांगतात. पन ती मॅडम पाय वाकवते ना, त्या टायमाला बाईंचा गाऊन घामानं भिजतो. उशीचा अभ्रा फाटलाय दातानं, मी कालच बदलला. तीन म्हंजे किती ते मला नाय माहीत. पन ह्ये तीन नाय."

डॉक्टरांनी चार्ट खाली ठेवला आणि फोन उचलून भूलतज्ज्ञ डॉक्टरांना विचारलं, दहा मिनिटं मोकळ्या आहात का.

भूलतज्ज्ञ डॉक्टर ऑपरेशनच्या वेळी माझ्या डोक्याशी बसल्या होत्या. आता कळलं की त्या हॉस्पिटलमध्ये दुखण्याचीही ओपीडी चालवतात. त्यांनी मला पट्टी दाखवली नाही. विचारलं, "तुमच्या मते दहा म्हणजे काय?"

मी सांगितलं. गाडीखालचा पाय, बाळंतपण, निबंध, मॉडरेशन, सगळं. सांगता सांगता मलाच ते कसंतरी वाटू लागलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"बाई, ही परीक्षा नाहीये. तुमच्या दुखण्याची इतरांच्या दुखण्याशी तुलना मला करायचीच नाही. हा आकडा मी कशाला विचारते? औषध किती द्यायचं ते ठरवायला. शिंप्याला माप कमी सांगितलं तर ब्लाऊज दंडात घट्टच होणार. त्यात शिंप्याची काय चूक?"

सोनारानंच कान टोचावे लागतात. हॅनानं हेच सांगितलं असतं तर मी तिला पाच मिनिटं सुनावलं असतं.

मग त्यांनी मला पेन परसेप्शन समजावलं. पेन परसेप्शन म्हणजे दुखण्याची जाणीव. गुडघ्यातून निरोप निघतो, पण दुखणं जाणवतं मेंदूत. मेंदू त्या निरोपात आपलं काही मिसळतो. झोप नसेल, भीती असेल, काळजी असेल तर तेवढीच जखम जास्त दुखते. आणि दुखणं बरेच दिवस तसंच राहू दिलं तर नसा जरुरीपेक्षा सावध होतात, जरा हात लागला तरी ओरडतात. त्याला सेन्सिटायझेशन म्हणतात. "आणि दुखणार हे कळलं की स्नायू आपोआप आवळतात. तुम्ही सैल सोडलाय म्हणता तेव्हाही. म्हणून गुडघा वाकत नव्हता. तुम्ही प्रयत्न कमी केला नाहीत, दुखत असताना केलात."

हे ऐकून मला एकदम रडू आलं. प्रयत्न कमी केला नाहीत, हे वाक्य मला त्या दिवशी हवं होतं. हॅनानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी एक शेवटचा मुद्दा काढला. "त्या गोळ्यांची सवय लागते ना?" डॉक्टर म्हणाल्या की माझ्याबाबतीत थोडे दिवस, मोजून, त्यांच्या नजरेखाली घ्यायच्या आणि मग कमी करत बंद करायच्या. जास्त ताकदीची गोळी ओपिऑइड जातीची असते, म्हणून ती मनानं वाढवायची नाही आणि शेजारणीला द्यायचीही नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. माझी गोळी म्हणजे तुमची गोळी नव्हे, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

नवीन पद्धत अशी ठरली. साधी गोळी दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे घ्यायची. जास्त ताकदीची व्यायामाच्या आधी पाऊण तास. व्यायामानंतर बर्फ, पाय उंचावर. पोट साफ राहण्याचं औषध, कारण त्या गोळीनं पोट बांधून जातं. आणि दर वेळी आकड्याबरोबर तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: किती झोपले, किती चालले, दुखण्यामुळे काय करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताईंनी चार्ट पुढे धरला. "बोला बाई. खरं बोला."

तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल, पण तो आकडा तोंडातून काढायला मला जे कष्ट पडले ते पाय वाकवायला पडले नव्हते. "सात," मी म्हटलं. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला आणि हॅना ओल्या हातानं बाहेर आली. "आई, तू सात म्हणालीस?" मी म्हटलं, हो, सात. ती पाटावर बसली आणि माझ्या पायाशी डोकं टेकून रडली. मी तिला उठवलं नाही.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिले दोन दिवस त्या गोळीनं मला गरगरलं आणि उलट्या झाल्या. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मात्रा कमी केली आणि जेवणानंतर घ्यायला सांगितलं. मग हळूहळू फरक पडला. दुखणं गेलं नाही, पण दाराबाहेर जाऊन बसलं म्हणा. फिजिओ मॅडम दाबायच्या तेव्हा मी चक्क गप्पा मारू शकत होते. सोळाव्या दिवशी चौसष्ट. अठराव्या दिवशी एकाहत्तर. सलग पाच तास झोप लागली त्या सकाळी मी सुमनताईंकडे पोहे मागून दोनदा खाल्ले.

हॅना परत गेली तेव्हा अठ्ठ्याहत्तर अंश होते. विमानतळावर जाताना म्हणाली, "सहा आठवडे होऊ देत. मग घराचं ठरवू." एजंटचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जास्त ताकदीची गोळी अर्धी झाली, मग बंद. पाचव्या आठवड्यात गोनिओमीटरवर नव्वद आले. फिजिओ मॅडमनी मला तो हात लावून बघू दिला. काटकोन मी आयुष्यभर पाहत आले, पण एवढा आवडला नव्हता. मग जिन्याचा धडा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एक हात कठड्यावर. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या. मग एक मजला. सहाव्या आठवड्यात मी बेचाळीस पायऱ्या उतरून खाली गेले, फाटकाशी उभी राहून नारळपाणी प्यायले, आणि पुन्हा वर आले. सुमनताई मागून चालत होत्या, पण त्यांनी मला हात लावला नाही. वर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता मला सोडा बाई, माजी लावनी राह्यलीय." त्यांना जाऊ देणं मला जड गेलं. त्या दिवशी त्या बोलल्या नसत्या तर मी अजून तीनच म्हणत बसले असते, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी काय केलं? दिसत हुतं ते सांगितलं."

आमच्यात संकट टळलं की मलिदा करतात. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलदोडे, वर फळं मांडायची, आणि आमचे प्रेषित एलियाहू हन्नाबी यांचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची. हॅना जाताना तसा नवस बोलली होती. पनवेलमध्ये आता आमची माणसं मोजकीच उरलीत, तरी सिनेगॉगमधले, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळातले, चार जण आले, आणि खुर्ची उचलणारे चौघेही आले. सुमनताई नेऱ्याहून केळी घेऊन आल्या. फिजिओ मॅडमनी मलिद्याच्या ताटाचा फोटो काढला आणि मला खाली न बसण्याची ताकीद दिली.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना दोन गोष्टी सांगते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारा की ब्लॉक कधी उतरेल आणि तो उतरायच्या आधी कोणती गोळी चालू होणार. आणि पट्टी पुढे आली की दुसऱ्या कुणाचं दुखणं आठवू नका. आपल्याकडे बायकांना हे फार जड जातं. सोसणारी बाई चांगली, कण्हणारी रडकी, हे आपण इतक्या लहानपणी शिकतो की कुणी शिकवलं तेही आठवत नाही. सोसून माझा गुडघा दोन आठवडे मागे गेला, बाकी काही मिळालं नाही.

आता आठवा आठवडा संपला आहे. परवा संध्याकाळी हॅनाचा नेहमीचा फोन आला. "कशी आहेस?" मी म्हटलं, "आज दुखतंय. बाजारात जरा जास्त फिरले. पाच तरी आहे. बर्फ लावून बसलेय, गोळी घेतली."

मला वाटलं, आता घराचा विषय निघणार. मी मनात उत्तरं जुळवू लागले.

"आई, फ्लॅट विकायचं मी आता बोलणार नाही," ती म्हणाली. "मला जिन्याची भीती नव्हतीच गं. तू रोज 'बरी आहे' म्हणायचीस आणि मला इथे बसून कळायचं नाही की खरं काय आहे. म्हणून तू डोळ्यांसमोर हवी होतीस. आता दुखलं तर तू सांगशील. मग राहा तिथे."

मी डोळे पुसले. तेवढ्यात ती पुन्हा म्हणाली, "एक सांगू? नोआच्या वेळी माझं सिझेरियन झालं ना."

नोआ माझी नात. सहा वर्षांची आहे. तेव्हा मला जाता आलं नव्हतं. हॉस्पिटलमधून हॅनाचा फोन आला होता, सगळं छान आहे, मी ठणठणीत आहे, म्हणून. मी इथे शेजारीपाजारी पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की माझी लेक माझ्यावर गेलीय.

"छान नव्हतं, आई. तिसऱ्या दिवशी मला कुशीवर वळता येत नव्हतं. नोआ रडायची आणि मी तिला उचलू शकत नव्हते. नर्सनं विचारलं की मी म्हणायचे, ठीक आहे. तुझा फोन ठेवला की रडायचे. मला वाटायचं, आईनं असं केलं नसतं, आईनं सोसलं असतं."

माझ्या काळजात कळ उठली आणि ती कुठल्या पट्टीवर मोजायची नव्हती. सहा वर्षं ती हे घेऊन बसली होती, आणि मला सांगायची तिला चोरी होती. मी काहीतरी धीराचं बोलणार होते, होतं गं असं, सगळ्यांनाच होतं, असं काहीतरी. ते मी गिळलं.

"मला सांग," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून सांग. मला कुठे जायचं नाहीये."

तिनं तिकडे खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती सांगू लागली.